‘हाय कराटे’च्या दोन बाटल्या: सोलापुरातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका जुन्या पेठेत वाडा असलेले डॉक्टर वारले. वय ऐंशीच्या पुढचं. सामान आवरताना घरच्यांना पुरुषांच्या परदेशी कोलोनच्या दोन बाटल्या मिळाल्या. एक वापरातली, जेमतेम पाव उरलेली. दुसरी खोक्यासकट, न उघडलेली. दोन्हींवर नाव एकच होतं, ‘हाय कराटे’. हे मूळ कोलोन बाजारातून जाऊन आता चार दशकं होत आली.

डॉक्टरांचा धाकटा मुलगा माझा जुना विद्यार्थी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि अत्तरांचा मला पहिल्यापासून नाद आहे, म्हणून तो बाटल्या घेऊन माझ्याकडे आला. पुढे जे घडलं ते घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डॉक्टर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. परतताना त्यांनी या कोलोनच्या बाटल्या आणल्या आणि पुढेही तिकडचे सहकारी येता-जाता आणून देत राहिले. त्या काळात आपल्याकडे असल्या वस्तूंची आयात जवळपास बंदच होती. ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे आयातीचे निर्बंध पूर्णपणे उठले ते २००१ मध्ये. त्यामुळे परदेशी कोलोन म्हणजे कुणाच्या तरी बॅगेतून आलेली चीज. सोलापुरात पुरुषाने वास लावायचा म्हणजे कानात हिना किंवा खशीचा फाया, फार तर लग्नात अंगावर उडालेलं गुलाबपाणी. न्हाव्याकडे दाढीनंतर तुरटीचा खडा फिरला की काम झालं. अशा गावात डॉक्टरांचा वास वेगळा उठून दिसायचा. त्यांचे जुने पेशंट आजही त्याची आठवण काढतात.

बाटली कोणती आणि कधीची

‘हाय कराटे’ १९६७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. आणलं ते फायझर या औषध कंपनीच्या लीमिंग विभागाने. पुरुषांना सुगंध विकणं तेव्हा सोपं नव्हतं. वास लावणं हे बायकी काम, अशी समजूत होती. म्हणून त्या दशकातल्या कंपन्या नाव, बाटली आणि जाहिरात अशा रीतीने घडवत की घेणाऱ्याला मर्दपणाची खात्री वाटावी. फाबर्जेचं ‘ब्रुट’ १९६४ चं, ‘जेड ईस्ट’ त्याच काळातलं. ‘हाय कराटे’ने विनोदाची वाट धरली. हे लावलं की बायका तुटून पडणार, तेव्हा पुरुषाला स्वसंरक्षण यायलाच हवं, अशी ती कल्पना. खोक्यात बाटलीबरोबर कराटेछाप बचावाच्या डावांची छोटी पुस्तिका असायची. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात व्हॅलरी लिऑन या अभिनेत्रीच्या टीव्ही जाहिरातींमुळे हे नाव घरोघरी पोचलं. १९८० च्या दशकात मूळ उत्पादन थांबलं.

वापरातल्या बाटलीबरोबरची पुस्तिकाही मिळाली. शेवटच्या कोऱ्या जागेवर डॉक्टरांच्या अक्षरात दुधाचा हिशेब आहे, तारखा आणि शेर-पावशेर. डॉक्टरांची मुलगी पुण्यात प्राध्यापिका आहे. तिने ती पुस्तिका वाचली आणि बाजूला ठेवली. ‘‘अण्णा असले नव्हते,’’ एवढंच म्हणाली. तिचं बरोबर आहे. बाईला हल्लेखोर ठरवून केलेला तो विनोद आज वाचवत नाही. पण त्या माणसाने पुस्तिकेचा उपयोग काय केला, हेही तिथेच लिहिलेलं आहे.

बाटल्या खऱ्या आहेत का आणि कोणत्या वर्षांच्या, हे ठरवणं गरजेचं होतं. सीलबंद खोक्यावर इंग्लंडमधल्या दुकानाची किमतीची चिठ्ठी होती, किंमत नव्या पेन्समध्ये. ब्रिटनने शिलिंग सोडून दशमान चलन घेतलं ते १५ फेब्रुवारी १९७१ ला, म्हणजे खोकं त्यानंतरचं. बारकोड कुठेही नव्हता. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला जून १९७४ मध्ये, अमेरिकेत, आणि ब्रिटनमध्ये तो रुळायला दशकाची अखेर उजाडली. घटकांची यादी नव्हती, आणि ती नसणंही त्या काळाशी जुळतं, कारण युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर घटक छापणं सक्तीचं झालं ते १९९० च्या दशकात. यावरून १९७० च्या दशकाचा पूर्वार्ध किंवा मध्य असा अंदाज निघाला, आणि तो डॉक्टरांच्या इंग्लंडमधल्या वर्षांशी जुळला.

अडचण

घरात तिघांना तीन गोष्टी हव्या होत्या. काकूंना, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीला, ‘ह्यांचा वास’ एकदा घ्यायचा होता. धाकट्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि आजोबांचं कोलोन अंगाला लावूनच बोहल्यावर उभं राहायचं, हे त्याने मनात पक्कं केलं होतं. हैदराबादचा थोरला मुलगा सीलबंद बाटली विकावी म्हणत होता. त्याला जुन्या बाटल्या जमवणारा एक गिऱ्हाईकही ऑनलाइन भेटला होता, पण अट एकच, सील तुटलेलं चालणार नाही.

वापरातली बाटली उघडून नाकाशी नेली तर टर्पेंटाइनचा भपका आला. काकूंनी तोंड फिरवलं. ‘‘हे नव्हं हो. खराब झालंय की हे,’’ म्हणाल्या. मग सगळ्यांच्या नजरा सीलबंद बाटलीकडे वळल्या आणि वाद सुरू झाला.

भपक्याचं कारण साधं आहे. लिंबूवर्गीय तेलांत लिमोनीन असतं. हवा आणि उष्णता लागली की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि वास वॉर्निशच्या दिशेने जातो. ही बाटली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात होती. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा, आणि बंद खोलीतलं कपाट संध्याकाळी बाहेरच्या हवेहूनही जास्त तापतं. त्यात बाटली तीन चतुर्थांश रिकामी, म्हणजे आत भरपूर हवा. सीलबंद बाटली मात्र खाली, माळवदाच्या खोलीत, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या ट्रंकेत राहिली होती. जाड मातीच्या छताखाली ती खोली भर मे महिन्यातही गार असते. एकाच घरातल्या या दोन जागांनी दोन बाटल्यांचं नशीब वेगळं केलं.

समोरचे पर्याय

सीलबंद बाटली उघडणं हा सगळ्यांत सरळ पर्याय. काकूंचं मन राखलं जाईल, नातवाची हौस भागेल. पण एकदा उघडली की विक्रीचा प्रश्न संपला.

विक्रीत दुसरी अडचण होती. कोलोन हे अल्कोहोलमध्ये असतं आणि वाहतुकीच्या नियमांत परफ्युम ज्वलनशील द्रव म्हणून, युएन १२६६ या क्रमांकाखाली येतं. घरगुती पार्सल म्हणून ते विमानाने पाठवता येत नाही. एका कुरिअरवाल्याने खोटी नोंद करून पाठवू, असं सुचवलं. थोरल्याने तिथेच नाही म्हटलं, आणि ते योग्यच केलं. म्हणजे हातोहात देता येईल असंच गिऱ्हाईक हवं.

परदेशातून दुसरी जुनी बाटली मागवायची कल्पना मुलीने मांडली. तिला तोच वाहतुकीचा अडसर, आणि ती बाटली कुठल्या उन्हात राहिली असेल हे कोण सांगणार?

प्रयोगशाळेचा विचार मी स्वतः मांडला. गॅस क्रोमॅटोग्राफीने द्रवातले घटक वेगळे करून ओळखता येतात. पण त्या यंत्राला आज बाटलीत जे आहे तेच दिसतं. १९७० च्या दशकात काय होतं ते त्यातून अंदाजानेच काढावं लागतं. शिवाय यादी हातात आली तरी ती जुळवून सुगंध करणारा माणूस वेगळा लागतो.

शेवटचा पर्याय विजापूर वेशीतल्या एका अत्तरवाल्या चाचांचा. त्यांना मी अनेक वर्षं ओळखतो. नाक जबरदस्त, बोलणं मोजकं.

पहिला निर्णय: कातडीवर नाही

नातू पहिल्याच भेटीत बाटली हातावर ओतायला निघाला होता. मी त्याला थांबवलं, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच होता.

जुन्या काळातल्या पुरुषांच्या सुगंधांत मस्क अँब्रेट नावाची कृत्रिम कस्तुरी सर्रास वापरली जायची. या जातीच्या नायट्रो-कस्तुरींची सुरुवात १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर या जर्मन रसायनशास्त्रज्ञापासून झाली. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्वचारोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं की आफ्टरशेव्ह लावणाऱ्या काही पुरुषांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर ऊन लागल्यावर चट्टे उठतात, आणि त्याचा माग या कस्तुरीपर्यंत गेला. पुढे परफ्युम उद्योगाने स्वतःच्या नियमांतून ती हटवली आणि १९९५ मध्ये युरोपने बंदी घातली. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलातल्या बर्गाप्टेन या घटकामुळेही उन्हात डाग पडतात, हे तर त्याही आधीपासून माहीत आहे. आणि सुगंधी तेलांतले लिमोनीन, लिनालूल हे घटक जुने होऊन ऑक्सिडाइझ झाले की ताज्यापेक्षा जास्त ॲलर्जी देतात. ज्या बाटलीवर घटकांची नोंदच नाही अशी पन्नास वर्षांची बाटली सोलापूरच्या उन्हात, भर लग्नात, तरण्या मुलाच्या मानेवर कशाला? कापडावर, कागदावर हवी तेवढी लावा, असं मी सांगितलं. नातू हिरमुसला, पण त्याच्या आईने माझी बाजू घेतली आणि विषय मिटला.

दुसरा निर्णय: सील तोडण्याआधी विचारणं

घरात सील तोडण्याकडे कल झुकत होता. मी एक दिवस मागून घेतला. वापरातल्या बाटलीतला थेंब कागदाच्या पट्टीवर घेऊन ती पट्टी माळवदाच्या खोलीत उघडी ठेवली आणि काकूंशी बोलत बसलो. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्यांना तो वास आठवतो तो नेमका कुठल्या वेळचा.

काकू म्हणाल्या, ‘‘सकाळी आठला निघायचे ओ हे. मी तेव्हा स्वयंपाकात. फोडणीच्या वासात काय कळतंय? दुपारी दोनला यायचे, कोट काढून माझ्या हातात द्यायचे, तेव्हा यायचा.’’

कोडं तिथेच उलगडलं. काकूंनी बाटलीतला ताजा वास जवळपास कधी घेतलाच नव्हता. त्यांच्या ओळखीचा वास सहा तास मुरलेला. कोलोनमधलं लिंबू, लव्हेंडर हे हलके घटक आधी उडून जातात. मागे राहतात ते जड घटक, म्हणजे कुमारीन, व्हॅनिलीन, कस्तुरी, राळ, लाकडाचे वास. उन्हाने बिघडले होते ते वरचे घटक. खालचे बऱ्यापैकी शाबूत असण्याची शक्यता होती.

सकाळी लावलेली पट्टी दुपारी काकूंसमोर धरली. टर्पेंटाइन गेलं होतं. गोडसर, पावडरी, किंचित लाकडी असा वास राहिला होता. काकूंनी पट्टी दोनदा नाकाशी नेली. ‘‘हां. हाच. पण ह्यात पावडर नाही,’’ म्हणाल्या.

पावडर कुठली, विचारलं तर कळलं की डॉक्टर दाढीनंतर तुरटी फिरवायचे, मग कोलोन, आणि त्यावर मानेला, काखेला टाल्कम पावडर. बारा महिने, न चुकता. सुनेने बाजारात सहज मिळणारी तीच पावडर आणून पट्टीजवळ रुमालावर शिंपडली. काकू त्यावर काही बोलल्या नाहीत. रुमाल घडी घालून त्यांनी आपल्याकडेच ठेवला.

सील तोडायची गरज उरली नाही. उघडली असती तर तिच्यातून ताजं लिंबू दरवळलं असतं आणि काकूंनी कदाचित तिलाही ‘हे नव्हं’ म्हटलं असतं.

चाचांचं काम

नातवासाठी मात्र अंगाला लावता येईल असं काहीतरी हवंच होतं. मुरलेली पट्टी आणि पावडरीचा रुमाल घेऊन आम्ही विजापूर वेशीत गेलो. चाचांनी पट्टी हुंगली, दुकानाबाहेर जाऊन मोकळी हवा घेतली, परत आले आणि म्हणाले, ‘‘सर, ऊपर का निंबू-विंबू छोडो. नीचे का बनवतो मी. हे आपल्या हिना-अंबरच्या घरातलंच आहे.’’

चाचांचं म्हणणं मला पटलं, कारण त्यामागे इतिहास आहे. पाश्चात्त्य पुरुषी सुगंधाचा मोठा भाग कुमारीनवर उभा आहे. टोंका नावाच्या बीमध्ये मिळणारा हा घटक विल्यम पर्किनने १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनवला, आणि १८८२ मध्ये पॅरिसच्या उबिगाँ या सुगंध बनवणाऱ्या कंपनीने ‘फुजेर रॉयाल’ या सुगंधात वापरला. लव्हेंडर, कुमारीन आणि ओकमॉस नावाचं एक जातीचं दगडफूल, असा तो मेळ. विलायती न्हाव्याच्या दुकानातला म्हणून जो वास सांगतात तो यातूनच आला. ओकमॉसमधल्या दोन घटकांवर २०१७ च्या नियमानुसार युरोपने बंदी घातली, त्यामुळे जुना मेळ जसाच्या तसा आता तिथे विकता येत नाही. चाचांनी ओकमॉस धरलाच नाही. चंदनासारखा आधार, कुमारीन, व्हॅनिलीनची चिमूट, आज चालणारी कृत्रिम कस्तुरी, थोडं पचौलीचं तेल आणि लवंगेचा पुसटसा स्पर्श, एवढ्यावर त्यांनी काम केलं. स्पिरिटला उत्पादन शुल्क खात्याचे नियम लागतात, म्हणून सगळं तेलात.

पहिल्या नमुन्यात व्हॅनिला जास्त झाला. काकूंनी ‘‘बेकरीत आल्यासारखं वाटतंय’’ म्हणून परत पाठवला. पुढच्यात लवंग चढली. चाचा प्रत्येक वेळी प्रमाण वहीत लिहीत होते, म्हणून सुधारत जाता आलं. शेवटी पावडरीचा अंगही त्यांनी तेलातच आणला. कशाने ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांच्या धंद्याचा तो हक्क आहे.

निकाल

अर्धा तोळा अत्तर तयार झालं. नातवाने ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहिली, काही उठलं नाही. लग्नात शेरवानीच्या आत, मनगटावर आणि कानामागे लावलं. डॉक्टरांचे एक जुने सहकारी अक्षता टाकून पुढे आले आणि त्यांनी ‘‘डॉक्टरांचं कोलोन अजून मिळतं का रे?’’ असं विचारलं, हे मला धाकट्याने फोनवर सांगितलं. हुबेहूब तो वास नाही. माझ्या नाकाला फरक कळतो, मूळ पट्टीत जो कोरडेपणा आहे तो तेलात येत नाही. पण काकूंनी तो मान्य केला, आणि या घरात तेवढं पुरेसं होतं.

वापरातल्या बाटलीतलं उरलेलं कोलोन लहान काचेच्या कुपीत गळ्यापर्यंत भरून, हवा न ठेवता, काळ्या कागदात गुंडाळून माळवदाच्या खोलीत ठेवलं आहे. फ्रान्समध्ये व्हर्सायला ऑस्मोथेक नावाचं सुगंधांचं संग्रहालय आहे, १९९० मध्ये सुरू झालेलं. तिथे बंद पडलेले सुगंध आरगॉन वायूखाली, सुमारे १२ अंशांवर, अंधारात जपतात. घरी आरगॉन कुठून आणणार? पण हवा, उजेड आणि उष्णता तोडायची, हे तत्त्व माळवदाखालीही पाळता येतं.

वेगळं काय करता आलं असतं

बाटली सापडल्या दिवशीच घरच्यांनी वापरातलं झाकण कित्येकदा उघडलं. आल्यागेल्या प्रत्येकाला वास दाखवला. आधीच अर्धमेल्या कोलोनला ते सोसणारं नव्हतं. पहिल्याच दिवशी लहान कुपीत भरून ठेवलं असतं तर बरंच वाचलं असतं. खोकं, चिठ्ठी, पुस्तिका यांचे फोटोही हाताळण्याआधी घ्यायला हवे होते. किमतीच्या चिठ्ठीचा एक कोपरा पुसताना निघाला.

विचारणा वस्तूपासून सुरू झाली, हेही उलटं झालं. काकूंशी जे बोलणं नंतर झालं ते आधी झालं असतं तर सीलवरून भावाभावांत चढलेले आवाज टळले असते. असं कुणाचं कोलोन घरी असेल तर बाटली उघडण्यापूर्वी विचारा की तो वास तुम्हाला कुठे, किती वाजता आणि कशाबरोबर यायचा. साबण, पावडर, तंबाखू, कापूर, जे काही सोबत होतं ते लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे कळतं.

सीलबंद बाटलीबद्दल घरात अजून एकमत नाही. मुलगी म्हणते, असू दे तशीच. थोरला विकायच्या मतावर कायम आहे आणि त्याचं गिऱ्हाईक आता सोलापूरला येऊन हातोहात घ्यायला तयार आहे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की सील किंमत जपतं, सुगंध जपत नाही. आतलं कोलोन गार खोलीतही म्हातारं होतंच आहे. विकायची असेल तर लवकर विकावी आणि ठेवायची असेल तर उघडून लहान कुप्यांत भरावी, नुसती ठेवून देण्यात कुणाचाच फायदा नाही. काकूंनी दोन्ही ऐकून घेतलं. दिवाळीला तिघं भावंडं वाड्यावर जमणार आहेत, तोवर थोरल्याने गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं आहे.